तारामती गट ११८

रविवारी दुपारी बारा वाजून अडतीस मिनिटांनी पंचशीलाने फोटो काढला. बारा एक्केचाळीसला तो तिच्या स्टेटसला लागला. पुढची शहात्तर मिनिटं ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही.

फोटोत पाचजण होते. डावीकडे पंचशीलाचा थोरला भाऊ आनंदराज, वीज मंडळात लाइनमन, नेहमीसारखा पोट आत ओढून उभा. शेजारी आई केवळाबाई. मधे मावसभाऊ आदर्श, त्याच्या दोन्ही हातांवर चार महिन्यांची लुंबिनी. उजवीकडे लुंबिनीची आई तनुजा. पाठीमागे विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी, पुढे चपट्या दगडावर सतरंजी आणि तिच्यावर चार स्टीलचे डबे.

फोटो काढायचा हट्ट तनुजाचा होता.

"ताई, एक काढा की. हिच्या सगळ्या फोटूत मागं तीच एक चादर. मोठी झाल्यावर इचारंल, माय, आपण काय चादरीत राहत होतो का?"

सगळे हसले. चादरीची गोष्ट मात्र खरी होती. लुंबिनीचा जन्मापासूनचा प्रत्येक फोटो तपकिरी चादरीपुढे काढलेला होता. खिडकी दिसू नये, गल्ली दिसू नये, भिंतीवरच्या कॅलेंडरावर छापलेलं दुकानाचं नाव दिसू नये, म्हणून. असे फोटो पाचजणांच्या घरच्या ग्रुपवर जात. त्याबाहेर एकही जायचा नाही, हे लग्नाच्या दिवशीच ठरलं होतं.

लग्नाला चौदा महिने झाले होते. तनुजा चाकूर तालुक्यातल्या कोनाळवाडीची, बारा एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या घरातली. आदर्श बौद्ध, नांदेडचा. लातूरच्या अभ्यासिकेत दोघांची ओळख झाली. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला आणि नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तिसऱ्या दिवशी तनुजाचा भाऊ बजरंग आणखी तिघांना घेऊन आदर्शच्या लातूरच्या खोलीवर गेला. हे दोघं आदल्या रात्रीच निघाले होते. सापडला घरमालक. त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. तेव्हापासून दोघं नांदेडात होती. नांदेडात कुठे, हे या फोटोतल्या माणसांना आणि पंचशीलाला ठाऊक होतं, बस.

पंचशीला कृषी सहाय्यक होती. नेमणूक चाकूर तालुक्यात, हाताखाली पाच गावं. त्यातलं एक कोनाळवाडी. आठवड्याचे सहा दिवस ती तिकडे राहायची, शनिवारी संध्याकाळी नांदेडातल्या कौठ्याला आईकडे यायची. ती आदर्शची मावसबहीण आहे हे कोनाळवाडीत कोणाला माहीत नव्हतं. आडनाव वेगळं होतं, विषय कधी निघाला नव्हता, आणि लग्नानंतर तो निघू नये याची काळजी तिने घेतली होती. बजरंगच्या ओट्यावर बसून तिने चहा घेतला होता. त्याच्या सोयाबीनचे पंचनामे केले होते. नुकसानीचे फोटो जागेच्या शिक्क्यासह लागतात, म्हणून तो शिक्का उमटवणारा कॅमेरा त्याच्या हातातल्या फोनमध्ये तिनेच टाकून दिला होता. "पट्टी खाली ठेवा," तिने सांगितलं होतं, "म्हणजे पीक झाकत नाही."

त्या दिवशी बजरंगने वावरात एक फोटो काढून पाहिला. पट्टीवर गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, मिनिट. तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला.

"मॅडम, हे लई भारी हाय. मान्सं कुटं हायेत ते बी उमटतंय न्हाई का ह्याच्यात?"

"जिथं काढाल तिथलं उमटतंय."

"आमच्या तनूचा असला एक फोटू भेटायला पायजे होता," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत राग नव्हता. खताचा भाव विचारावा तसा बोलला आणि पुढच्या सरीकडे वळला.

आणि रविवारी तिने तोच कॅमेरा उघडला. यंदाच्या अतिवृष्टीत दोन महिने ती रोज शे-दीडशे फोटो काढत होती. फोन हातात घेतला की अंगठा आपोआप त्याच चौकोनावर जायचा. खालच्या पट्टीची डोळ्यांना इतकी सवय झाली होती की ती दिसायचीच बंद झाली होती. संध्याकाळी फोटो पाठवताना ती दोन ठिकाणी खूण करायची: ऑफिसचा ग्रुप आणि स्टेटस. कारण शेतकरी ग्रुप वाचत नाहीत, स्टेटस बघतात. रविवारी तिने घरच्या ग्रुपवर खूण केली आणि बोट सवयीनं वरच्या, स्टेटसच्या ओळीवरही टेकलं. फोटोखाली लिहिलं होतं, आमची लुंबिनी.

फोन पर्समध्ये, पर्स गाडीत. माणसं जेवायला बसली.

"ह्या आनंदाला वाढू नगा जास्त," केवळाबाई म्हणाल्या. "खांबावर चढताना खांब वाकून राहिला म्हणं."

"माय, लेकराच्या पुढं तरी इज्जत ठेव माझी."

"लेकरू झोपलंय. तू खा."

तनुजा हसत हसत वरणाचा डबा उघडत होती. डब्याच्या पोटावर मशीननं कोरलेलं होतं: केवळाबाई सोनकांबळे, कौठा. विहारात पौर्णिमेचं भोजनदान असलं की साऱ्या वस्तीचे डबे एका ओळीत लागतात आणि परत येताना हमखास बदलतात. तीन डबे असे गमावल्यावर केवळाबाईंनी घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आणि वस्ती कोरून घेतली होती. चमचेसुद्धा सोडले नव्हते.

एक सत्तावन्नला आदर्शने हात धुऊन फोन काढला. त्याचा चेहरा बदललेला सगळ्यांत आधी तनुजाला दिसला.

"अक्का," तो पंचशीलाला म्हणाला, "हे तू लावलंस?"

पंचशीलाने बघितलं. काही क्षण तिला फोटोत काय चुकलंय तेच कळेना. मग पट्टी दिसली. विष्णुपुरी, नांदेड, महाराष्ट्र. बारा अडतीस. ती गाडीकडे पळाली, पर्स उलटी केली, फोन हातात घेतला आणि पुसायला बोट नेलं.

"थांब!" आदर्श ओरडला. "आधी यादी बघ. पुसलं की यादी बी जाईल."

एकतीस जणांनी स्टेटस पाहिलं होतं. पंचशीलाने यादी खाली सरकवत नेली. ती शेतकऱ्यांचे नंबर गट क्रमांकासह साठवायची, कारण एका गावात चार चार दगडोबा आणि तीन तीन नागुबाई असतात. मृत्युंजय गट ४२. मल्लिनाथ गट ९. ऑफिसातल्या तिघीजणी. धर्माबादची मैत्रीण. शाळेतल्या बाई. मग सतराव्या नावावर तिचं बोट थांबलं.

तारामती गट ११८. आज, दुपारी एक वाजून नऊ मिनिटं.

तिने त्या पडद्याचा फोटो घेऊन ठेवला आणि स्टेटस पुसलं.

"कोण?" तनुजाने विचारलं. मग वाकून तिनेच ते नाव वाचलं. गट ११८ म्हणजे तिच्या घरचं वावर. सातबारा आईच्या नावावर, म्हणून विम्याच्या अर्जावर नंबर आईचा.

"फोन आईकडं असतो का त्याच्याकडं?" आनंदराजने विचारलं.

"आठवडाभर दादाकडंच. पीक विम्याचे मेसेज यायलेत म्हणून." तनुजाने लुंबिनीला उचलून छातीशी धरलं. "रविवारी आई ठेवून घ्यायची. मामाला बोलाया. म्हंजे, मी होते तवा तसं होतं."

"तिला स्टेटस बघता येतंय?"

"मीच शिकवलं हुतं," तनुजा म्हणाली.

सगळे घाईनं आवरायला लागले. सतरंजी झटकायची राहिली, तशीच गुंडाळली. आनंदराजने गाडी सुरू करून ठेवली आणि आरशात मागच्या रस्त्याकडे बघत राहिला. लातूरहून येणारा रस्ता इथूनच नांदेडात जातो. चाकूरहून निघालेलं माणूस अडीच तासांत इथे पोचतं. एक नऊला बघितलं, सव्वाला निघालं, तर पावणेचार. अजून वेळ आहे, असं आनंदराज मोठ्यानं म्हणाला. दोन दहाला गाडी हलली.

आदर्श-तनुजाच्या खोलीवर जायचं नाही, एवढं वाटेतच ठरलं. सगळे कौठ्याला केवळाबाईंच्या घरी आले. पुढचं दार लावलं. आदर्शने लग्नाच्या वेळी जबाब घेणाऱ्या हवालदाराचा नंबर लावला. हवालदाराने सगळं नीट ऐकलं. अर्ज लिहून आणा म्हणाला, आणि त्या दगडाकडे मोटरसायकलवरून एक चक्कर मारतो, असंही म्हणाला.

पंचशीला कोपऱ्यात फोन हातात धरून बसली होती. तिला उद्या सकाळी साडेनऊला कोनाळवाडीत हजर व्हायचं होतं. फोटोखालचे दोन शब्द तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हते. आमची. त्या एका शब्दाने गट ११८ला तिचंही नातं कळलं होतं. वर्षभर ज्या ओट्यावर चहा घेतला, तिथे मॅडम होऊन आता बसता येणार नव्हतं.

"मी फोन लावते," ती म्हणाली.

"येडी झालीस का?" आनंदराज.

"पासबुकाची झेरॉक्स राहिली म्हणते. नेहमी लावतेच की. आईनं उचलला तर आवाजावरून कळंल. त्यानं उचलला तर तो घरी हाय का बाहेर, तेवढं तरी."

आदर्शने तनुजाकडे बघितलं. तनुजाने मान हलवली. फोन स्पीकरवर टाकून पंचशीलाने नंबर लावला. दोन पंचावन्न झाले होते.

पाच रिंग. सहावीला उचलला.

"हॅलो, तारामतीबाई? मॅडम बोलतेय, कृषीची."

पलीकडे कोणी बोललं नाही. फोन चालू होता. काच खडखडल्याचा आवाज येत होता, इंजिनाची घरघर, आणि मधेच कुठेतरी एक लहान मूल रडत होतं.

"हॅलो? बजरंगभाऊ हायेत का? झेरॉक्स पायजे होती पासबुकाची."

कोणीतरी श्वास सोडला. मग थोडं लांबून, कंडक्टरचा असतो तसा, चढा कंटाळलेला आवाज आला: "एक फुल, एक हाफ. आन मागं सरका की वो, दारात काय उभं राहिले." घंटी दोनदा वाजली. फोन कापला गेला.

पंचशीलाने फोन खाली ठेवला.

"एसटी हाय," आनंदराज म्हणाला. "त्याच्याकडं तर मोटरसायकल हाय ना? त्यो कामून एसटीनं येईल?"

"एक हाफ म्हंजे बाईमाणूस," केवळाबाई म्हणाल्या. "बायांना अर्धंच तिकीट."

"आन एक फुल?" आदर्शने विचारलं.

ते तिकीट दुसऱ्याच कोणाचं असू शकत होतं. रडणाऱ्या लेकराच्या आईबापाचंही असू शकत होतं. हे सगळ्यांना समजत होतं आणि तरी प्रत्येकाच्या डोक्यात एका बाकावर शेजारी शेजारी बसलेली तीच दोन माणसं होती.

तनुजा म्हणाली, "आई एकटी कधी एसटीत बसत न्हाई. तिला फलक वाचता येत न्हाई." मग म्हणाली, "कोणाला तरी घेऊन आली असंल. केरबा मामाला."

"तनू," आदर्श म्हणाला, "घरमालकाचा हात आठव."

ती लुंबिनीला थोपटत राहिली.

चार वाजून पाच मिनिटांनी केवळाबाई भांडी घासायला बसल्या. काहीतरी करायला हवं होतं म्हणून. नळाखाली त्यांनी एक डबा ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. मग पिशवीत हात घालून चाचपडल्या. उठून गाडीत बघून आल्या. दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे ओले हात तसेच लोंबत होते.

"वरणाचा डबा तितंच राहिला माय."

पंचशीलाला आधी त्यातलं भय कळलं नाही. डबा तर डबा. मग तिला डब्याच्या पोटावरची अक्षरं आठवली.

"नाव हाय त्याच्यावर," केवळाबाई म्हणाल्या. "आन कौठा हाय."

आनंदराज चावी घेऊन उठला. "मी घेऊन येतो. पंधरा-वीस मिनिटं."

"तू फोटूत हायेस," पंचशीलाने त्याची वाट अडवली. "तुझं तोंड बघितलंय त्यांनी. आन तू गेल्यावर ते इकडं आले तर?"

तो परत बसला. गुडघा हलवत राहिला. आदर्शने हवालदाराला पुन्हा फोन केला, डब्याचं सांगितलं. हवालदार ठाण्यातून अजून निघाला नव्हता. दुसरं एक भांडण आलं होतं. निघतोच, म्हणाला.

आता इथे थांबण्यात अर्थ नव्हता. धर्माबादला आनंदराजचा जुना जोडीदार राहत होता, दोन खोल्या होत्या, बायको चांगली होती. आनंदराजने त्याला फोन केला. कशासाठी ते न विचारता तो 'या' म्हणाला. केवळाबाईंनी लुंबिनीचे कपडे एका पिशवीत भरले. दुधाची बाटली, लसीकरणाचं कार्ड, तपकिरी चादर.

चार एक्कावन्नला पंचशीलाचा फोन वाजला.

तारामती गट ११८. मजकूर नव्हता. एक फोटो होता.

चपटा दगड. त्यावर वरणाचा डबा, झाकण लावलेला. मागे तेच पाणी, आता उन्हं कलल्यामुळे पिवळं पडलेलं. डबा जरा फिरवून ठेवला होता, म्हणजे कोरलेली अक्षरं समोर येतील असा. केवळाबाई सोनकांबळे, कौठा. खाली पट्टी: विष्णुपुरी, नांदेड, महाराष्ट्र. चार वाजून छत्तीस मिनिटं.

डब्याच्या कडेला चार बोटं टेकलेली दिसत होती. बोटांची टोकं तेवढी. बाकीचा हात खालून येत होता आणि जिथे हात सुरू होत होता तिथेच पट्टी सुरू होत होती.

"मोठा करा," तनुजा म्हणाली. तिने लुंबिनीला आदर्शकडे दिलं आणि फोन जवळ जवळ हिसकावून घेतला. दोन बोटांनी फोटो ताणला. नखं काळवंडलेली, कडा फुटलेल्या. सोयाबीन काढणाऱ्या हाताची असतात तशी. त्या घरात असे दोघांचेही हात होते.

"आईच्या मनगटावर विळ्याचा व्रण हाय. हितं." तिने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. "बांगड्याच्या खाली."

मनगट पट्टीखाली होतं. पंचशीलाने ती पट्टी स्वतःच्या हाताने खाली ठेवून दिली होती, पीक झाकू नये म्हणून.

"काही लिहून आलंय?" आनंदराजने विचारलं.

"न्हाई."

"मग हे काय हाय? धमकी हाय का, डबा सापडला म्हणून सांगणं हाय?"

"आईला लिहिता येत न्हाई," तनुजा म्हणाली. "तिनं फोटूच धाडला असता."

"त्यानं बी फोटूच धाडला असता," आदर्श म्हणाला.

पंचशीलाने नंबर लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोन बंद लागला. शेवटचं ऑनलाइन चार बावन्न दिसत होतं.

आनंदराजने गाडी गल्लीच्या तोंडाशी आणून सुरू ठेवली. केवळाबाईंनी पिशवी मागच्या सीटवर ठेवली. आदर्श लेकराला घेऊन आत बसला. तनुजा उंबऱ्यात उभी राहिली.

"चल, बाई," केवळाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "फिकीर नंतर कर."

"मावशी, ती आली असंल तर? पह्यल्यांदा एकटी एवढ्या लांब आली असंल तर? नाव वाचून घेतलं असंल कुणाकडून, इचारत इचारत इथवर येईल. आन मी नसले तर?"

"आन त्यो आला असंल तर?"

तनुजाने उंबरा ओलांडला नाही आणि ती परतही फिरली नाही. दाराच्या चौकटीला धरलेल्या तिच्या हाताची बोटं पंचशीलाला दिसत होती. चार बोटं, लांबट, टोकाशी जरा चपटी. फोटोतल्या बोटांसारखी होती का, हे तिने पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. एका घरातल्या माणसांची बोटं सारखीच असायची, आई असो की भाऊ.

पाच वाजून पाच मिनिटांनी हवालदाराचा फोन आला. आदर्श तो स्पीकरवर धरून दाराशी आला. हवालदार दगडापाशी उभा होता. वळणावरच्या चहावाल्याने सव्वाचारच्या सुमाराला एसटी थांबलेली पाहिली होती. माणसं उतरली म्हणे, किती आणि कोण ते त्याच्या ध्यानात नव्हतं. दगडाच्या आसपास कोणी नाही, असं हवालदार म्हणाला.

"आन डबा?" पंचशीलाने विचारलं.

तो वाकून बघत असावा. थोडा वेळ वाऱ्याचाच आवाज आला.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "डबा बी न्हाई हितं."